कोरड्या नाल्यात छापलेली झाडं

हिरालाल आप्पा पाटील गेल्याचा फोन रविवारी सकाळी पावणेअकराला आला. त्यांची मुलगी बोलत होती. "काका, आप्पा गयात," ती म्हणाली. मागे कुणीतरी हंडा घासत असल्याचा आवाज येत होता. मग तिने क्रमाने सांगितलं. आंघोळ झाली, ओट्यावर येऊन बसले, चहा मागितला. चहा आला तेव्हा मान खाली गेलेली होती. डॉक्टर शहाद्याहून ब्राह्मणपुरीला पोहोचेपर्यंत तास होऊन गेला होता आणि त्यांच्या येण्याचा उपयोगही नव्हता. वय एकाहत्तर. मागे पत्नी, एक मुलगी, दोन नातवंडं. निधनवार्तेत जातो तेवढा मजकूर इथे संपतो.

माणूस गेल्यावर जे वाटतं ते सगळं मलाही वाटलं. पण त्यात सुटकेचाही भाग होता आणि तो लपवण्याचं कारण नाही. आप्पा वनखात्यात वनपाल होते. नोकरीच्या शेवटी शेवटी त्यांच्या हातून एक चूक झाली, तिच्यामुळे अकरा झाडं तुटली आणि त्या झाडांखालच्या पाण्यातले बेडूक नाहीसे झाले. ते परत येतात की नाही, हे पाहायला आप्पा तेरा पावसाळे ब्राह्मणपुरीहून विसरवाडीच्या पुढच्या डोंगरात जात राहिले आणि तेराही पावसाळे रिकाम्या हाताने परतले. मुलीचा फोन अठरा दिवस आधी आला असता, तर हा लेख मला लिहिता आला नसता.

ती चूक समजायची तर तोडीचं काम कसं चालतं ते थोडं सांगायला हवं. कूप म्हणजे त्या वर्षी तोडीसाठी आखून दिलेला जंगलाचा तुकडा. त्यातली कुठली झाडं तोडायची ते आधी छापून ठेवतात. बुंध्याची साल कुऱ्हाडीने तळहाताएवढी सोलायची, उघड्या पडलेल्या लाकडावर खात्याचा हातोडा मारायचा, छाप उमटतो. एकदा छापलेलं झाड कागदावर तुटल्यातच जमा असतं; ते उभं राहिलं तर ते का राहिलं याचा खुलासा कुणाला तरी करावा लागतो. नाल्याकाठची झाडं मात्र छापायची नसतात. नाल्याच्या काठापासून दोन्ही बाजूंना ठरावीक अंतर टेपने मोजून सोडायचं, असा नियम आहे आणि तो चांगला आहे. अडचण एकच. छापणी होते कोरड्या दिवसांत, तोड होते त्यापुढच्या कोरड्या दिवसांत. पावसाळ्यात कूपात कुणी जात नाही. वाटा बंद असतात, काम नसतं, जायचं कारण नसतं. म्हणजे ज्यांच्या हातात टेप असतो त्यांनी त्या नाल्यात पाणी पाहिलेलंच नसतं. बेडूक असतो तो बाकीच्या चार महिन्यांत.

आप्पांनी त्या कूपाची छापणी केली ती मे महिन्यात. नाल्याचं मुख्य पात्र वाळूचं, स्वच्छ दिसणारं. टेप तिथून लावला. त्याच्या डाव्या अंगाला जरा खोलगट सपाटी होती, तिच्यात गुडघाभर पाचोळा साचलेला होता आणि कडेने साग, सादडा, कळंब अशी झाडं उभी होती. नकाशात तिथे काही दाखवलेलं नव्हतं. आप्पांनी तिथली त्रेचाळीस झाडं छापली. पुढे ते मला म्हणत, "कळंब कथा वाढस? पान्याजोडे. मन्हा बापले बी माहीत व्हतं. मी तीस वरीस नोकरी करी आनि तेच इसरनू." कळंब पाण्याजवळच वाढतो हे त्यांना माहीत होतं. पण नकाशा हातात असला की माणूस झाडाला विचारत नाही, हे त्यांचं स्वतःबद्दलचं निदान होतं आणि ते त्यात कधी सूट घेत नसत.

त्या सपाटीखालच्या पाड्यावर रूथबाई राहतात. नवापूरच्या डोंगरातल्या ख्रिस्ती शेतकरी कुटुंबातल्या. पावसात स्वतःचं थोडं भात, बाकी दिवस खात्याच्या कामावर मजुरी. आप्पांच्या हाताखाली त्यांनी रोपवाटिकेत आणि कूपात बरीच वर्षं काम केलेलं होतं आणि त्या आप्पांना घाबरत नसत. छापणीनंतरच्या जुलैत आप्पा पाड्यावर दुसऱ्याच कामाला आले होते, तेव्हा रूथबाई त्यांना म्हणाल्या, "साहेब, तुमची छापलेली झाडं पोहायला लागलीत. बघायचीत का?" पुढचा प्रसंग मला दोघांनी वेगवेगळ्या वेळी सांगितला आणि दोघांच्या सांगण्यात फरक फक्त कोण किती हसलं याचा आहे.

ती सपाटी म्हणजे नाल्याचा दुसरा फाटा होता. मे महिन्यात पाचोळ्याने भरलेला, जुलैत मांडीभर पाण्याने. त्रेचाळीस झाडं त्या पाण्यात आणि पाण्याच्या कडेला उभी होती, प्रत्येकाच्या बुंध्यावर आप्पांचा छाप. आणि पाण्यावर झुकलेल्या फांद्यांना, पानांना चिकटून पांढऱ्या फेसाचे मुठीएवढे गोळे लटकत होते. आप्पा ते पाहून भडकले. रूथबाईंच्या अंगावर ओरडले, "राखीव जंगलात कपडे धुता तुम्ही लोक? हा साबण कुणाचा आहे?"

रूथबाईंनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग फेसाकडे. "साहेब, कपडे दगडावर धुतात. झाडाच्या शेंड्याला साबण कोण लावतं?"

तो साबण नव्हता. झाडावर राहणाऱ्या बेडकाची मादी पाण्यावरच्या पानाला फेस करून त्यात अंडी घालते. वरून फेस वाळतो, आत ओल टिकते. काही दिवसांनी पिल्लं फेसातून सुटतात आणि थेट खालच्या पाण्यात पडतात. पान पाण्यावर असलं पाहिजे आणि पाणी सावलीत असलं पाहिजे, या दोन गोष्टी असल्या तरच हे जमतं. तीस वर्षं जंगलात काढलेल्या वनपालाने हे पाहिलेलं नव्हतं, कारण तो पावसात तिथे कधी उभाच राहिलेला नव्हता. रूथबाईंनी लहानपणापासून पाहिलेलं होतं. त्यांचं त्यावर प्रेम वगैरे होतं असं त्या म्हणत नाहीत. खालच्या खाचरातल्या भातावरचे किडे बेडूक खातो, बेडूक नसला की किडे असतात, एवढं त्यांचं म्हणणं. पण त्या दिवशी त्यांनी आप्पांना एक प्रश्न विचारला: "ही झाडं तोडल्यावर हे कुठे लटकणार?" आप्पा सांगत, त्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी उभ्या उभ्या शोधलं. आजूबाजूला पाहिलं. पाण्यावर झुकलेली सगळी झाडं त्यांनी स्वतःच छापलेली होती… "एक बी सोडेल नव्हतं. इतलं नीट काम करेल व्हतं मी."

आता चूक दिसली होती, आणि तोड दिवाळीनंतर होती. मध्ये चार महिने होते. गप्प बसणं सोपं होतं. सपाटीत पाणी असतं हे वरच्या कुणाला ठाऊक नव्हतं आणि पुढच्या वर्षी आप्पा निवृत्त होणार होते. ते दुसऱ्या दिवशी नवापूरला रेंजर साहेबांकडे गेले आणि छापलेली झाडं सोडून द्यावीत म्हणाले. साहेब तरुण होते, वाईट नव्हते, त्यांनी सरळ विचारलं, "पाटील, बेडकांसाठी हातोडा मागे घेतलेला ऐकलाय का कधी तुम्ही?" आप्पांनी ऐकलेला नव्हता. त्यांनी बेडकांचा विषय तिथेच सोडला आणि साहेबांना एवढंच सांगितलं की एकदा जागा पाहून घ्या.

साहेब आले. ऑगस्टचा पहिला आठवडा होता, पाऊस थांबला होता पण चिखल होता. पाड्यापासून चालत यावं लागलं. फाट्याच्या कडेला साहेबांचा डावा बूट चिखलात रुतला, पाय वर आला, बूट खाली राहिला. एका पायावर तोल सांभाळत त्यांनी जवळचं झाड धरलं. रूथबाई पाण्यात हात घालून बूट शोधत होत्या. साहेबांच्या तोंडासमोर, वीतभर अंतरावर, त्यांच्याच खात्याचा छाप होता आणि झाडाचं खोड गुडघ्यापर्यंत पाण्यात होतं.

"हे झाड पाण्यात आहे," साहेब म्हणाले.

"हो साहेब."

"नाल्यातलं झाड छापतात?"

"नाही साहेब. काठापासून अंतर सोडतात. काठ हा आहे." आप्पांनी पलीकडे, बऱ्याच वरच्या अंगाला बोट दाखवलं.

"मग हे छापलं कुणी?"

"मी छापलं. कोरड्यात मोजलं. माझी चूक आहे, लिहून देतो."

बूट सापडला. साहेबांनी तो उलटा करून पाणी ओतलं आणि म्हणाले, "लिहून द्या, पण नीट विचार करून द्या." आप्पांनी त्याच दिवशी लिहून दिलं. बेडकांचा उल्लेख त्या कागदात एकदाही नाही. मी तो नंतर पाहिला आहे. अडीच ओळी आहेत. मोजणी कोरड्या पात्रापासून केली, ती पाण्याच्या काठापासून करायला हवी होती, छापणी चुकीची आहे आणि जबाबदारी माझी. नियमानेच झाडं वाचवायची तर नियम कुणी मोडला ते सांगावं लागणार होतं, आणि तो माणूस त्यांच्याजवळ एकच होता.

कागद वर गेला आणि वर राहिला. दिवाळी झाली. भाऊबीजेनंतरच्या तिसऱ्या दिवशी तोड करणाऱ्या मजुरांची टोळी कूपात शिरली, कारण टोळीला कुणी थांबायला सांगितलं नव्हतं. त्याच सकाळी आप्पांच्या हातात झाडं सोडायच्या मंजुरीचं पत्र पडलं, नवापूरला. विसरवाडीपर्यंत ते बसने आले, चौफुलीवर जीप मिळेना, ऊस भरायला निघालेल्या रिकाम्या ट्रकमध्ये बसून अर्ध्या वाटेपर्यंत आले आणि तिथून चालत. टोळीत रूथबाई होत्या. मुकादमाने काम खालच्या टोकापासून सुरू केलं होतं. रूथबाईंनी दहा वाजताच भाकरी सोडली आणि बसून घेतलं; मुकादम ओरडला तर म्हणाल्या, पोटात दुखतंय. त्यांच्या शेजारी आणखी दोघी बसल्या. त्याने काम थांबलं नाही, पण हळू झालं. आप्पा पोहोचले तेव्हा एक झाड अर्धं कापलेलं होतं. पत्र दाखवलं, कुऱ्हाडी थांबल्या. रूथबाई उठून म्हणाल्या, "उशीर केलात साहेब. अकरा गेली."

त्रेचाळीसातली बत्तीस राहिली. अर्धं कापलेलं झाड त्या बत्तिसातलं. ते अजून उभं आहे, खाच भरून आली आहे.

माझी त्यांची ओळख यानंतरची. फेरमोजणीसाठी कूप दहा दिवस बंद राहिलं, टोळीचं काम बुडालं, आणि नंदुरबारच्या आमच्या कार्यालयात कुणाच्या तरी फोनवरून एक छोटी बातमी तयार झाली. बेडकांमुळे कूप बंद, मजुरांवर बेकारी, असा तिचा मथळा होता. दोन दिवसांनी दुपारी खाकी शर्टातला एक उंच माणूस टेबलापाशी येऊन उभा राहिला. मी ब्राह्मणपुरीशेजारच्या कळसाडीचा, हे त्याला कुणीतरी सांगितलेलं असावं, कारण तो थेट अहिराणीतच बोलायला लागला. "भाऊ, बातमीमा चूक शे." चूक दाखवायला येणारी सरकारी माणसं बातमीतून स्वतःचं नाव काढून घ्यायला येतात, हा आमचा अनुभव. मी वही पुढे ओढली. "बेडकंस्नं काय चुकनं? त्यास्ना नावे काबर छापं? चूक मन्ही शे. मन्हं नाव छापा." चुकीवर बेडकांचं नको, माझं नाव छापा, असा खुलासा आमच्याकडे आधी आलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी पाचव्या पानावर चार ओळी छापल्या. वनपालांनी मोजणीतली चूक कबूल केली, एवढंच. त्यांच्या सेवापुस्तकात ताकीद नोंदली गेली. त्यांनी कात्रण घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, आता बरं झालं.

दहा दिवस काम बुडालं ते रूथबाईंचंही बुडालं. पाड्यावरच्या बायका त्यांना विचारत, "काय गं, बेडकाने हजेरी मांडली का तुझी?" रूथबाई उत्तर द्यायच्या, "मांडली, तुझी पण मांडायला सांगू?" आप्पांनी त्या सोडलेल्या पट्ट्यातली घाणेरीची झुडपं काढायचं काम मंजूर करून घेतलं आणि ते त्याच टोळीला दिलं. ती सगळी भरपाई होती असं नाही. पण मार्चपर्यंत बायकांनी हजेरीचा विषय सोडला होता.

पुढचा पावसाळा आला. आप्पांनी मला सोबत नेलं. बत्तीस झाडांच्या भागात फेसाचे गोळे होते, पुष्कळ होते. अकरा झाडं गेली त्या टोकाला एकही नव्हता. दोन्ही भागांत अंतर शंभर पावलांचंही नाही. पण इकडे पाणी थंड आणि काळसर, तिकडे उघडं ऊन, पाणी कोमट आणि गढूळ. झाडं ओढून नेताना काठ फुटला होता आणि माती पाण्यात बसली होती. काटेकुटे जाळल्याची राख होती. पाचोळ्यात राहणारे नखाएवढे बेडूकही तिथे दिसेनात, कारण पाचोळाच नव्हता. सप्टेंबर लागायच्या आत ते टोक आटलं, वरचं पाणी ऑक्टोबरपर्यंत होतं. त्या टोकाला उभे राहून आप्पा म्हणाले, "बत्तीस वाचनात त्यानी बातमी व्हई. अकरा गयात ते मन्हाजोडे ऱ्हाई." वाचलेल्या झाडांची बातमी होईल, गेलेली आपल्यापाशी राहतील. वाक्य त्यांनी सहज म्हटलं आणि चालू लागले.

निवृत्तीनंतर ते ब्राह्मणपुरीला शेतावर राहिले. कापूस, थोडा ऊस, इतरांसारखंच. पण दर पावसाळ्यात दोनदा-तीनदा शहादा, नंदुरबार, विसरवाडी अशा तीन बस बदलून ते त्या नाल्यावर जायचे. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, आल्या-गेल्याला सांगायच्या, "बेडकंस्ना जवाई शे हाऊ माणूस. सासरले चालना." आप्पा पिशवीत भाकरी टाकत म्हणायचे, "सासरना लोके बोलतस तरी. तू ते सकायपासीन बोलनीच नई." त्यावर वहिनी आतून ठेचा आणून देत.

तुटलेल्या अकरा झाडांची खोडं मेलेली नव्हती. सागाला आणि कळंबाला तोडल्यावर फुटवे येतात आणि जोमाने येतात. आप्पांची सगळी आशा त्या फुटव्यांवर होती. तिसऱ्या वर्षी फुटवे डोक्याच्या वर गेले, पाण्यावर झुकले, आणि चौथ्या वर्षीच्या उन्हाळ्यात विरळणी झाली. हेही कामाच्या शिस्तीत बसणारं आहे. एका खोडाला सात-आठ फुटवे आले तर त्यातला एक सरळ ठेवायचा, बाकी काढायचे, म्हणजे पुढे लाकूड चांगलं मिळतं. वनखात्याला सरळ फुटवा हवा असतो, बेडकाला पाण्यावर वाकलेला. अकराही खोडांवर एकेक सरळ फुटवा राहिला. आप्पांनी स्वतः आयुष्यभर हीच विरळणी केलेली होती, त्यामुळे त्यांना कुणावर रागावताही येईना. त्या वर्षी ते परत येताना विसरवाडीच्या स्टँडवरून मला फोन करून म्हणाले, "सगळं नियमप्रमाणे व्हयनं शे," आणि फोन ठेवला.

नंतर त्यांनी नव्या वनरक्षकांच्या मागे लागायला सुरुवात केली. एक बदलून गेला की दुसऱ्याच्या मागे. विनंती एकच: त्या अकरा खोडांवरचे वाकडे फुटवे सोडा. निवृत्त माणसाचं ऐकायचं बंधन कुणावर नसतं. दोघांनी ऐकलं नाही, तिसऱ्या आल्या मनीषा, त्यांनी ऐकलं. त्या म्हणाल्या, वाकड्याचं लाकूड तसंही कुणी नेणार नाही, राहू द्या. फुटव्यांची मुळं धरत गेली तसा काठ बांधला गेला. पाण्यातली माती दरवर्षीच्या पुरात थोडी थोडी वाहून गेली. सावली आली, पाचोळा साचला, पाचोळ्यातले बारके बेडूक आले. झाडावरचे आले नाहीत. दहा, अकरा, बारा वर्षं. रूथबाई जुलै लागला की फोनवर सांगायच्या, "नाही साहेब. वर आहेत. खाली नाहीत." एका वर्षी त्यांनी आप्पांना सरळ म्हटलं, "आता सोडा ना. एवढी वर्षं देवाने सुद्धा माणसावर राग धरला नसता." आप्पा म्हणाले, राग नाही, पाहायचंय फक्त.

या वर्षी जुलैच्या अखेरीस रूथबाईंनी फोनवर काहीच सांगितलं नाही. "या," म्हणाल्या, एवढंच. आप्पांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन दोन महिने झाले होते, एकट्याने बस बदलणं नको म्हणून मीही गेलो. सकाळचे नऊ वाजले असतील. पाऊस नव्हता, पानांवरून थेंब पडत होते. रूथबाई पुढे चालत होत्या. खालच्या टोकाला पोहोचल्यावर त्या कडेला सरकल्या आणि पदराने हात पुसत उभ्या राहिल्या.

"काय शे?" आप्पा माझ्याकडे वळून म्हणाले. मला काही दिसलं नव्हतं.

"तुम्हीच शोधा साहेब," रूथबाई म्हणाल्या. "नवे डोळे कशाला बसवलेत?"

आप्पांनी पायजमा वर खोचला आणि पाण्याच्या कडेने निघाले. पहिलं खोड, दुसरं, तिसरं. प्रत्येकापाशी थांबायचे, मान वर करायचे, पुढे जायचे. सातव्याशी ते थांबले ते हललेच नाहीत. कळंबाचा एक वाकडा फुटवा पाण्यावर आडवा गेला होता, त्याच्या टोकाकडच्या दोन पानांना धरून फेसाचा गोळा लटकत होता. पुढे नवव्या खोडावर आणखी एक होता. दहाव्यावर दोन. आप्पांनी सगळे पाहून घेतले, परत सातव्याशी आले. पहिला गोळा खालून ओला होऊन सुटायला लागला होता. आम्ही पाहत असतानाच त्यातून काहीतरी काळं, तांदळाएवढं, पाण्यात पडलं. मग आणखी एक.

माझी अपेक्षा होती की ते काही बोलतील; तेरा वर्षं तयार होत आलेलं एखादं वाक्य असेल. ते कडेच्या दगडावर बसले, चष्मा काढून पुसला आणि पिशवीची गाठ सोडायला लागले. "भूक लागनी," म्हणाले. भाकरीचे तीन भाग केले, आम्हा दोघांना दिले. रूथबाईंना विचारलं, कधी पाहिलंत? त्या म्हणाल्या, गुरुवारी. "मंग फोनवर काबर नई सांगं?" रूथबाईंना अहिराणी समजते, बोलत नाहीत. "सांगितलं असतं तर तुम्ही फोनवर खूश झाला असता," त्या म्हणाल्या, "इथे यायचं राहिलं असतं." आप्पा बराच वेळ हसले. परतीच्या बसमध्ये नंदुरबार येईपर्यंत झोपले होते, डोकं खिडकीला टेकून. इतक्या वर्षांत त्यांना बसमध्ये झोपलेलं मी पाहिलेलं नव्हतं.

त्यानंतरचे अठरा दिवस त्यांनी कापसात पाणी फार झालं म्हणून चर काढण्यात घालवले, असं मुलगी सांगते. जेवण नीट होतं. आजारी वाटत नव्हते.

दिवसकार्य झाल्यावर मी ब्राह्मणपुरीला पुन्हा गेलो, ते मनीषांनी दिलेला निरोप पोहोचवायला. नाल्याच्या पलीकडच्या काठाला या हिवाळ्यानंतर नव्या कूपाची छापणी आहे. आप्पा नोकरीतून सुटल्यापासून दर पावसाळ्यात जाताना एक छोटा डबा आणि ब्रश नेत असत, आणि पाणी सर्वांत वर चढलेलं असेल तेव्हा काठावरच्या झाडांना पाण्याच्या पातळीवर निळ्या ऑइलपेंटची रेघ मारून येत. गेरू धुऊन जातो म्हणून ऑइलपेंट. कुठल्या नियमात ते बसत नव्हतं आणि कुणी हरकत घेतली नव्हती. यंदाची रेघ राहिली होती. पलीकडच्या काठाला तर एकही नव्हती. मनीषांना उरलेला रंग हवा होता, तोच, म्हणजे रेघा ओळखू येतील.

वहिनी मला आप्पांच्या खोलीत घेऊन गेल्या. खाट, दोरीवर दोन शर्ट, कोनाड्यात चष्म्याचं घर. खिडकीची चौकट त्याच निळ्या रंगाची. घराला रंग दिला तेव्हा उरलेलाच आप्पा इतकी वर्षं पुरवून वापरत होते आणि संपला की शहाद्याहून नेमका तसाच आणत होते. डबा खाटेखाली होता, झाकणावर जुना कपडा बांधलेला. वहिनींनी तो ओढून बाहेर काढला, हलवून पाहिला. अर्ध्याहून थोडा जास्त होता. मी म्हटलं, वहिनी, खिडकीला लागेल कधी, थोडा ठेवून घ्या. त्या म्हणाल्या, "लई जा बठ्ठा. आठे खिडकी एकच शे. तठे झाडं गह्यरी शेतस." सगळाच घेऊन जा; इथे खिडकी एक, तिथे झाडं पुष्कळ.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मोठा पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं पलीकडच्या काठाला होतो. मनीषा पाण्यात उभ्या राहून ब्रश धरत होत्या, रूथबाई डबा. ज्या झाडाशी पाणी पोहोचलं होतं त्या प्रत्येकाला एक आडवी रेघ, तळहाताएवढी रुंद. साग, सादडा, कळंब. कळंब आला की रूथबाई आधीच डबा पुढे करायच्या. साडेअकराला काम संपलं, डब्यात बोटभर रंग उरला.

मे महिन्यात तिथे वाळू आणि पाचोळा असेल. छापणीची माणसं येतील, नवीन असतील, त्यांनी पाणी पाहिलेलं नसेल. कोरड्या जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, झाडामागून झाड, निळी रेघ दिसेल. टेप तिथून लावायचा आहे, असं मनीषांनी कूपाच्या कागदात लिहून ठेवलं आहे.